खड्डा बुजला, पण पडला कशामुळे?

८ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे जपानमधल्या फुकुओका शहरात, हाकाता स्टेशनसमोरचा रस्ता एकाएकी खचला. खड्डा सुमारे तीस मीटर लांब, जवळपास तेवढाच रुंद आणि पंधरा मीटर खोल होता. डांबर, सिग्नलचे खांब, पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्या सगळं त्यात गेलं. कडेच्या इमारतींचे पायाचे खांब उघडे पडले. १५ नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर आठवड्याने, त्याच रस्त्यावरून गाड्या धावू लागल्या. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारीशेजारी लावून ते जगभर फिरले. आपल्याकडे तर दर पावसाळ्यात ते नव्याने उगवतात, खाली एक ओळ जोडून: ‘याला म्हणतात काम. नाहीतर आपले ठेकेदार!’

फोटोखाली एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. रस्ता पावसाने किंवा भूकंपाने खचला नव्हता. त्याच्याखाली महापालिकेच्या भुयारी रेल्वेचा बोगदा खणला जात होता, आणि ते काम ताइसेइ या जपानच्या पहिल्या पाचांतल्या कंपनीच्या नेतृत्वाखालचा गट करत होता. बोगद्याच्या माथ्यावरचा खडक धरला होता तेवढा भक्कम निघाला नाही, वरच्या वाळूत पाण्याचा दाब होता, आणि छत आत आलं. खड्डा भरला तोही जपानी ठेकेदारांनी, आणि पडला तोही जपानी ठेकेदारांच्याच हातून. आणखी एक बारीक तपशील: भरलेला रस्ता २६ नोव्हेंबरला पुन्हा काही सेंटिमीटर दबला आणि काही तास बंद ठेवावा लागला. हा तिसरा फोटो कुणी पाठवत नाही.

खरं कौतुक करायचं तर ते त्या पहाटेच्या पहिल्या काही मिनिटांचं करावं. बोगद्यात माती आणि पाणी येऊ लागताच कामगारांना बाहेर काढलं गेलं, वरचा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला गेला, आणि मग तो खचला. एकही माणूस मेला नाही. ‘काम थांबवा’ म्हणण्याचा अधिकार कुणाकडे तरी होता आणि त्याने तो वापरला. सात दिवसांत खड्डा भरण्याइतकीच, किंबहुना त्याहून मोठी, ही गोष्ट आहे. पण तिचा फोटो निघत नाही.

हे सगळं उकरून काढण्याचं कारण असं की जपानी बांधकाम कंपन्यांबद्दल बोलताना आपण लगेच ‘संस्कारां’वर येतो. ते लोकच तसे, शिस्तीचे, कामाला देव मानणारे. आपण हे असे. या बोलण्याने मन मोकळं होतं, पण हाती काही लागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. या कंपन्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर उत्तम काम आणि लाजिरवाणं काम, दोन्ही त्याच कंपन्यांनी आणि त्याच माणसांनी केलेलं दिसतं. फरक पडतो तो बहुतेक वेळा काम करवून घेणाऱ्यामुळे. मालकाला कामातलं कळत असलं आणि तो साइटवर हजर असला की जपानी ठेकेदार जगात भारी ठरतो. मालकाने डोळे मिटले की तोही कुठल्याही ठेकेदारासारखाच वागतो.

आधी या कंपन्या कोण ते पाहू, कारण त्यांची जडणघडण खरोखर निराळी आहे. काजिमा, शिमिझु, ताइसेइ, ओबायाशी आणि ताकेनाका हे तिकडचे बडे पाच. यातले तीन मूळचे सुतार. ताकेनाका घराणं १६१० साली नागोयात देवळं बांधणाऱ्या सुतारकामातून उभं राहिलं. शिमिझुचा मूळ पुरुष १८०४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सुतारकीचं दुकान घालून बसला, आणि काजिमाचा १८४० साली. ताइसेइची सुरुवात १८७३ ची, ओकुरा किहाचिरो या व्यापाऱ्याने केलेली, आणि ओबायाशी १८९२ ची, ओसाकाची. ताकेनाका अजूनही शेअर बाजारात नाही. (सुतारांचंच बोलायचं तर ओसाकाची कोंगो गुमी ही देवळं बांधणारी पेढी स्वतःचा जन्म इसवी सन ५७८ मध्ये सांगते. चौदाशे वर्षं एका घराण्यात राहिलेली ही पेढी २००६ साली कर्जापायी दुसऱ्या बांधकाम कंपनीच्या पदराखाली गेली. परंपरेला बँकेचा हप्ता माफ नसतो.)

सुतार हा नकाशाही स्वतः काढतो आणि करवतही स्वतः चालवतो. त्यामुळे वास्तुविशारद एकीकडे, स्ट्रक्चरल कन्सल्टंट दुसरीकडे आणि ठेकेदार तिसरीकडे अशी आपल्या ओळखीची वाटणी या कंपन्यांनी पुरती स्वीकारलीच नाही. त्यांच्या पदरी स्वतःचे आर्किटेक्ट असतात, स्वतःचे संरचना अभियंते असतात आणि स्वतःच्या संशोधन संस्था असतात. काजिमाने आपली संशोधन संस्था १९४९ साली काढली. देश युद्धात बेचिराख झालेला, पोटाला अन्न नाही, आणि एक ठेकेदार प्रयोगशाळा काढतो आहे.

त्याचं फळ १९६८ साली दिसलं. भूकंपाच्या धास्तीने जपानमध्ये इमारतीची उंची एकतीस मीटरवर बांधून ठेवली होती. ही मर्यादा उठवण्याचा कायदा १९६३ साली झाला, आणि त्याच वर्षी तोक्यो विद्यापीठातले भूकंपरोधक बांधकामाचे नामवंत प्राध्यापक मुतो कियोशी काजिमात उपाध्यक्ष म्हणून रुजू झाले. भूकंपाशी ताठ उभं राहून झुंजण्यापेक्षा इमारतीने त्याच्याबरोबर डोलावं, हा त्यांचा विचार. त्यावर बांधलेली कासुमिगासेकीची ३६ मजली इमारत ही जपानची पहिली गगनचुंबी. विद्यापीठातला पहिल्या फळीचा माणूस ठेकेदाराच्या कचेरीत बसतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, ही गोष्ट आपल्याकडे अजून पचनी पडायची आहे. आपल्या तोंडी ‘ठेकेदार’ हा शब्दच अर्धी शिवी आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता संस्कारांच्या सिद्धांताला दुसऱ्या बाजूने हात लावू.

१९४५ साली अकिता प्रांतातल्या हानाओका खाणीवर काजिमाकडे नदीचं पात्र वळवण्याचं काम होतं. त्यासाठी चीनमधून ९८६ माणसं धरून आणली होती, जपान सरकारच्या १९४२ च्या निर्णयाप्रमाणे. उपासमार आणि मारहाण सोसवेना तेव्हा जूनअखेर त्यांनी उठाव केला. सगळं मिळून त्यांतली ४१८ माणसं मेली. पंचावन्न वर्षांनी, २००० साली, तोक्योच्या उच्च न्यायालयात तडजोड झाली आणि कंपनीने पन्नास कोटी येनांचा निधी दिला. अध्यक्षांपासून मुकादमापर्यंत तेच ‘कामाला देव मानणारे’ लोक होते. मालक मात्र युद्धातलं सरकार होतं, आणि त्याला किती नदी वळली एवढंच विचारायचं होतं.

युद्ध संपल्यावर दांगो आलं. खरं तर ते त्याआधीही होतं. आपल्याकडे याला ‘रिंग’ म्हणतात: टेंडर भरणारे आधीच एकत्र बसतात, हे काम कुणाचं ते ठरवतात, ज्याचं ठरलं तो नीट हिशेब करून आकडा भरतो, बाकीचे त्याच्या वरचे आकडे भरून आपली हजेरी लावतात. पुढचं काम पुढच्याचं. जपानमध्ये ही रिंग दशकानुदशकं, देशभर आणि जवळजवळ शिष्टाचार म्हणून चालली. सरकारी कामाला कुणी बोली लावायची हे अधिकारीच नेमून देत, त्यामुळे दहाबारा ओळखीचे चेहरे आणि चहाची किटली एवढ्यात सगळं आटपत असे. काही ठिकाणी काम कुणाला जावं याचा इशारा वरून येई. लोक त्याला आकाशवाणीच म्हणत.

मार्च १९९३ मध्ये सत्तारूढ पक्षाचे बडे नेते कानेमारू शिन करचुकवेगिरीत अटक झाले. झडतीत सोन्याच्या लगडी आणि रोख्यांचे गठ्ठे सापडले. धागा ओढत गेल्यावर दुसऱ्या टोकाला बांधकाम कंपन्या निघाल्या. त्याच वर्षात सेंदाईचे महापौर, इबाराकीचे आणि मियागीचे गव्हर्नर आणि बड्या कंपन्यांचे वरिष्ठ लोक एकामागून एक आत गेले. खुली निविदा मोठ्या कामांना सक्तीची झाली ती त्यानंतर. तरी खोड गेली नाही. २००६ पासून, रिंगेतून फुटून आधी कबुली देणाऱ्याला दंडात सूट मिळू लागली, आणि बड्यांनी त्याच सुमारास ‘यापुढे दांगो बंद’ असं आपसात ठरवून टाकलं. (तेही आपसात बसूनच ठरवलं, याची मला गंमत वाटते.)

दहा-बारा वर्षांनी तोक्यो आणि नागोयाला जोडणाऱ्या चुंबकीय रेल्वेच्या शिनागावा आणि नागोया स्थानकांच्या कामात पुन्हा तेच. या प्रकल्पाला सरकारने तीन लाख कोटी येनांचं स्वस्त कर्ज दिलेलं. पाचांपैकी चार कंपन्यांवर २०१८ साली आरोपपत्र आलं. ओबायाशीने आधी कबुली दिली. तिला वीस कोटी येन दंड झाला, शिमिझुला अठरा कोटी. ताइसेइ आणि काजिमा न्यायालयात लढल्या आणि २०२१ साली त्यांना प्रत्येकी पंचवीस कोटींचा दंड झाला, त्यांच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांना स्थगित तुरुंगवास. मला त्या खटल्यात दंडापेक्षा बचाव वाचण्यासारखा वाटतो. आरोपींचं म्हणणं होतं की रेल्वे कंपनीनेच वर्षानुवर्षं आमच्याकडून या स्थानकांचा तांत्रिक अभ्यास करून घेतला, कोणतं काम कोण करणार हे तिच्या मनात ठरल्यासारखंच होतं, मग स्पर्धा होती कुठे? न्यायालयाने हा बचाव मानला नाही आणि ते योग्यच झालं. पण त्यातून व्यवहाराचं खरं चित्र दिसतं. मालकाने अभ्यास फुकटात करून घ्यायचा, त्या उपकाराची फेड कामाने करायची, आणि वर निविदेचं सोंग आणायचं.

दांगोचं समर्थन करणारे तिकडे होते आणि आजही खासगीत असतील. त्यांचं म्हणणं एकदम झटकून टाकण्यासारखं नाही. रिंगेमुळे कामाला भाव चांगला मिळे, तोट्यातलं काम कुणाच्या गळ्यात पडत नसे, त्यामुळे ठेकेदाराला दर्जा राखणं परवडे आणि प्रयोगशाळा चालवणंही परवडे. रिंग मोडल्यावर काय झालं? ठेकेदार एकमेकांच्या खाली जाऊ लागले, पोटठेकेदारांच्या पोटावर पाय आला. जपानी सरकारने त्यावर काढलेला उपाय आपण वाचायला हवा. २००५ च्या कायद्याने सरकारी कामात किमतीबरोबर तांत्रिक गुणही धरावेत असं ठरवलं. शिवाय ठरावीक मर्यादेखालची बोली आली की तिची चौकशी होते, कैक ठिकाणी ती सरळ बाद होते. इतक्या स्वस्तात हे काम होणारच नाही, असं मालक तोंडावर सांगतो.

असं सांगायला मालकाला कामाची खरी किंमत माहीत असावी लागते. आपल्याकडे वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’, म्हणजे खात्याच्या अंदाजपत्रकाखालचं, टेंडर आलं की खात्यात आनंद होतो, फार तर जादा सुरक्षा ठेव मागितली जाते. मग ते वीस टक्के कुठून निघतात हे सिमेंटच्या गोणीला आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं. बिलो टेंडर ही कंत्राटदाराची चलाखी आहे असं आपण मानतो. मला ती खात्याच्या अंदाजपत्रकाची कबुली वाटते. एकतर तुमचा अंदाज खोटा होता, नाहीतर हे काम खोटं होणार आहे.

डोळे उघडे ठेवणं म्हणजे काय, याची दोन उदाहरणं जवळून पाहण्यासारखी आहेत.

साप्पोरोत ताइसेइ २६ मजली इमारत बांधत होती. जानेवारी २०२३ मध्ये, सांगाडा बराच वर गेल्यावर, विकासक कंपनीची माणसं पाहणीला आली. त्यांना काही जोडांवरच्या बोल्टांमध्ये तफावत दिसली. त्यांनी विचारलं. शोध घेतल्यावर कळलं की पोलादी खांब कुठे कुठे मर्यादेबाहेर सरकलेले आहेत, जास्तीत जास्त २१ मिलिमीटर. चालणारी मर्यादा दहा. स्लॅबची जाडीही काही ठिकाणी कमी. मुख्य म्हणजे ताइसेइच्या साइटवरच्या माणसाने मोजणीच्या नोंदीत खोटे आकडे भरलेले होते. २१ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी. आपल्याकडे एवढ्यासाठी कुणी चहा थांबवला नसता. तिथे उभा केलेला सांगाडा उतरवून पुन्हा बांधायचं ठरलं, इमारत दोन वर्षांहून अधिक लांबली आणि कंपनीच्या दोन बड्या अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. बातम्यांत कौतुक झालं ते कंपनीच्या प्रांजळपणाचं. पण प्रश्न कुणी विचारला? विकासकाच्या माणसाने. तो त्या दिवशी साइटवर आला नसता, किंवा आला आणि चकचकीत प्रेझेंटेशन पाहून परतला असता, तर ते आकडे खोटेच राहिले असते.

योकोहामात मालकाचे डोळे म्हणजे राहणारे लोक. तिथल्या ७०५ घरांच्या संकुलात दोन इमारतींना जोडणाऱ्या मार्गिकेतला कठडा दोन सेंटिमीटरच्या आसपास वरखाली झालेला एका रहिवाशाला २०१४ मध्ये दिसला. तक्रार लावून धरल्यावर पुढच्या वर्षी निष्पन्न झालं की काही पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले पायाचे खांब, भक्कम थरापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि कित्येक पाइलच्या नोंदी दुसरीकडच्या आकड्यांवरून भरल्या होत्या. मुख्य ठेकेदार एक, त्याच्याखाली दुसरा, पाइल प्रत्यक्ष ठोकणारा तिसरा. पाइल खाली किती गेला हे त्या तिसऱ्याच्या माणसालाच ठाऊक, आणि तो माणूस पहिल्याच्या कचेरीत कधी बसलेला नाही. अखेर चारही इमारती पाडून पुन्हा बांधल्या.

पोटठेकेदारांची ही उतरंड आपल्यालाही चांगली परिचयाची आहे. मोठ्या नावाचा फलक साइटवर असतो, काम भलताच कुणी करत असतो. मोजमाप वही, म्हणजे एम.बी., ज्या कनिष्ठ अभियंत्याने जागेवर भरायची तो चार तालुके सांभाळत असतो, आणि वही त्याच्याकडे ‘सहीला’ येते. काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, तपासणीला जातात ते निगुतीने वेगळे भरलेले असतात. स्लॅबचा माल वेगळा असतो. साइटवर राहिलेल्या कुणालाही हे नवं नाही. यात ठेकेदार दोषी आहेच. पण ज्याच्या नावावर ती वही आहे त्याला आपण मनुष्यबळ दिलं का, वेळ दिला का, की ‘थर्ड पार्टी ऑडिट’ असा शिक्का मारून तो डोळाही ठेक्यावर दिला?

मालक बदलला की जपानी ठेकेदाराचंही काय होतं ते अल्जीरियात दिसलं. देश आडवा ओलांडणाऱ्या महामार्गाचा सुमारे चारशे किलोमीटरचा पूर्वेकडचा भाग २००६ मध्ये काजिमा, ताइसेइ आदी जपानी कंपन्यांच्या गटाने घेतला. घरी या कंपन्या ज्या पद्धतीने काम करत ती विश्वासाची होती: करारात न बसणारा पेच आला तर दोघांनी बसून सामोपचाराने सोडवायचा. अल्जीरियात जागा मिळेना, बिलं निघेनात, वाद वाढत गेले, काम रखडलं. २०१६ साली समझोता करून गट बाहेर पडला. शेवटचा तुकडा २०२३ मध्ये खुला झाला, तोही दुसऱ्यांच्या हातून. दुबईच्या मेट्रोने ओबायाशी आणि काजिमाला असंच मोठ्या तोट्यात घातलं. मेट्रो झाली, ती चांगली चालतेही, पण बिलं या कंपन्यांच्या पुरेनात. साकुरा, चहापान आणि शिस्त यातलं काहीच या कंपन्या घरी विसरून गेल्या नव्हत्या. त्यांना घरी सांभाळणारा मालक तेवढा तिथे नव्हता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तुम्ही मालक मालक करता, पण जपानमध्ये मालकच तर चोरात सामील होता! अधिकारी निवृत्त होऊन त्याच कंपन्यांत गलेलठ्ठ पगारावर जात, आणि जाण्याआधी कामाचे इशारे देत. अधिकाऱ्यांनीच रिंग चालवल्याची प्रकरणं इतकी झाली की २००२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मी हे नाकारत नाही. जाणता मालक भ्रष्ट होऊ शकतो. पण अडाणी मालक भ्रष्टही होतो आणि फसवलाही जातो, म्हणजे पैसा दोन्हीकडून जातो. जाणत्याला आवरायला कायदा असतो, पत्रकार असतात, फुटीरांना सूट असते. जपानने हे तिन्ही हळूहळू वापरले. अडाणी मालकाला जाणता करायला मात्र पिढी लागते.

मालकाच्या नादानपणाची किंमत अनेकदा सर्वात खालचा माणूस देतो. तोक्यो ऑलिम्पिकच्या नव्या राष्ट्रीय क्रीडागाराचा पहिला आराखडा खर्च हाताबाहेर गेल्यामुळे जुलै २०१५ मध्ये रद्द झाला. सगळं नव्याने, आणि काम सुरू व्हायला डिसेंबर २०१६ उजाडलं. स्पर्धेची तारीख मात्र हलेना. निर्णय घेण्यात वर्ष-दीड वर्ष घालवलं ते यजमानांनी, आणि ते भरून काढायचं साइटने. २०१७ च्या मार्चमध्ये एका पोटठेकेदाराकडचा तेवीस वर्षांचा देखरेख करणारा तरुण नाहीसा झाला, पुढे त्याचा मृतदेह सापडला. आधीच्या एका महिन्यात त्याने १९० तासांहून अधिक जादा काम केल्याचं कामगार कार्यालयाने मान्य केलं आणि आत्महत्येचं कारण अतिश्रम ठरवलं. क्रीडागार वेळेत झालं, आणि ते देखणंही आहे. वेळेत झालेल्या कोणत्याही कामाचं कौतुक करताना हे मला आठवतं. एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये बांधकामालाही जादा तासांची कायदेशीर मर्यादा लागू झाली आहे. तोवर हे क्षेत्र सवलतीत होतं. आता तारखा लांबताहेत, खर्च वाढतोय, आणि कामगारांत तिशीच्या आतले फार थोडे उरलेत, पंचावन्नच्या पुढचे एक तृतीयांशाहून जास्त. जुनी वेळेवरची कामं कुणाच्या झोपेवर उभी होती हे आता हिशेबात येतं आहे.

बांधून झाल्यावर मालक निघून जात नाही, ही तर आणखी मोठी गोष्ट. २ डिसेंबर २०१२ रोजी सासागो बोगद्यात छताखालच्या काँक्रीटच्या फळ्या धावत्या गाड्यांवर कोसळून नऊ जण मेले. वरचे नट-बोल्ट हातोडीने ठोकून आवाजावरून तपासणं वर्षानुवर्षं झालेलं नव्हतं. बोगदा बांधणाऱ्यांचं काम १९७० च्या दशकातच संपलं होतं. चूक रस्ता चालवणाऱ्या कंपनीची. तेव्हापासून जपानने नियम केला: प्रत्येक पूल आणि प्रत्येक बोगदा दर पाच वर्षांनी, हाताच्या अंतरावरून डोळ्यांनी तपासायचा. दुर्बिणीतून पाहून भागणार नाही. पूल सात लाखांच्या वर आहेत. आणि गावोगावच्या नगरपालिकांपैकी सुमारे चतुर्थांशांकडे एकही तांत्रिक कर्मचारी नाही. म्हणजे डोळे असलेला मालक जपानमध्येही ओसरतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये साइतामा प्रांतातल्या याशिओत जुनी मलवाहिनी गंजून रस्ता खचला आणि एक ट्रक चालकासकट आत गेला. तो चालक वाचला नाही आणि तिथे सात दिवसांत काहीही झालं नाही. त्या वाहिनीची तपासणी काही वर्षांपूर्वी झालेली होती, आणि तातडीने दुरुस्तीची गरज नाही असा शेरा होता.

आता महाराष्ट्राकडे यायला हरकत नाही, कारण जपानी पैसा आणि जपानी तंत्र आपल्या दारात आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी जायकाचं, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या जपानी सरकारी संस्थेचं, कर्ज ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांत फेडायचं. पण वरचा उन्नत मार्ग बांधतात ते बडे पाच नव्हेत. गुजरातचा मोठा भाग आणि महाराष्ट्रातला शिळफाट्यापुढचा भाग एल अँड टीकडे, बीकेसीपासून शिळफाट्यापर्यंतचा बोगदा अ‍ॅफकॉन्सकडे. अटल सेतूलाही जायकाचं कर्ज होतं. तिथे आयएचआय ही जपानी कंपनी एल अँड टीबरोबर एका पॅकेजमध्ये होती, आणि पोलादी डेकचे, म्हणजे पुलाच्या वरच्या तक्त्याचे, १८० मीटरपर्यंतचे लांब गाळे हे तंत्र आपल्याकडे त्यानिमित्ताने पहिल्यांदा आलं. हे चांगलंच झालं. जपानी ठेकेदार आले नाहीत म्हणून हळहळण्याचं मला तरी कारण दिसत नाही. भारतीय कंपन्या असलं काम करू शकतात हे सिद्ध झालं आहे.

जपानने आपल्याला दिलेली जास्त मोलाची गोष्ट दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात आली. तिथे कुमागाई गुमी आणि शिमिझु या कंपन्या वेगवेगळ्या भागीदारींत बोगदे करत होत्या. पण साइटवर हेल्मेट, बूट, पट्ट्यांचं जाकीट, रोज सकाळी सुरक्षेची चार वाक्यं, वेळापत्रकाची जाहीर पाटी, हे जे रुजलं ते मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या संस्थेने स्वतः अंगाला लावून घेतलं म्हणून रुजलं. तेच ठेकेदार, तेच मजूर दुसऱ्या खात्याच्या साइटवर अनवाणी दिसायचे, हे दिल्लीत तेव्हा राहिलेल्यांनी पाहिलं आहे. मालक बदलला की हेल्मेट निघतं.

म्हणून अटल सेतूबद्दल माझा प्रश्न तो कुणी बांधला असा नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलादी डेकचे सांधे आणि रंगाचे थर तपासायला येत्या वीस वर्षांत हाताच्या अंतरावर कोण जाणार, त्याचं पद कायम आहे की कंत्राटी, आणि त्याने ‘दुरुस्ती हवी’ असा शेरा मारला तर तो कोणत्या संकेतस्थळावर आपल्याला वाचायला मिळणार? टोल भरणाऱ्याला पावतीबरोबर एवढी माहिती मागण्याचा हक्क आहे. राज्यात एखादा पूल पडला की त्या गावच्या शाखा अभियंत्याचं निलंबन होतं आणि ठेकेदार काळ्या यादीत जातो, मग काळ्या यादीतला माणूस मेव्हण्याच्या नावाने परत येतो. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात कुणी आमदाराने सार्वजनिक बांधकाम खात्याला एवढंच विचारावं: तुमच्या ताब्यातल्या पुलांपैकी गेल्या पाच वर्षांत किती पुलांखाली तुमचा स्वतःचा अभियंता उतरला होता?